हुमण तेच, शीत कमी : हृदयाची काळजी घ्यायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

सासूबाईंचे डोळे तपासायला गेलो होतो. नर्सने त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं, ते बरं निघालं. मागे रांग नव्हती म्हणून तिने माझ्याही दंडाला पट्टा गुंडाळला. १५८/९६. मला वाटलं यंत्र बिघडलंय. तिने दुसऱ्या हाताला लावलं, तिथेही जवळपास तेच. सासूबाई ७४ वर्षांच्या, मी ४७ ची. बसमधून फोंड्याला परत येईपर्यंत डोक्यात एकच विचार, आता हुमण, म्हणजे आमचं नारळाच्या वाटणाचं माशाचं कालवण, बंद.

हुमण बंद झालं नाही. बंद झालं ते वेगळंच काहीतरी, आणि ते कळायला मला सहा महिने लागले. तेवढा वेळ तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. पहिलाच रिपोर्ट हातात आलाय, किंवा घरात कुणाला स्टेंट बसल्यापासून स्वतःच्या छातीकडे लक्ष जायला लागलंय, अशांसाठी. मी डॉक्टर नाही, मराठी शाळेत शिकवते. त्यामुळे कुठली गोळी आणि किती, यात मी पडणार नाही.

माझ्या आजीचं जेवण आणि माझं जेवण यात फारसा फरक नाही. उकड्या तांदळाचं शीत (भात), हुमण, एखादी भाजी, तोंडी लावायला खारं, म्हणजे खारवून सुकवलेला मासा. फरक आहे तो दोन जेवणांच्या मधल्या वेळेत. आजी कुळागरात (नारळ-पोफळीच्या बागेत) पाणी वळवायची, शेतात लावणीला वाकायची, डोंगर उतरून बाजाराला जायची. मी स्कूटरवर बसून शाळेत जाते, खुर्चीत बसते, आणि घरी येऊन तिच्याएवढंच शीत वाढून घेते. काम गेलं आणि ताट राहिलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशातल्या सगळ्या राज्यांत जास्त. मधुमेह असला की हृदयविकाराचा धोका दुपटीच्या आसपास जातो, म्हणून हा आकडा इथे सांगितला.

पहिला आठवडा : काही बदलू नका, फक्त मोजा

उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी ओट्स आणू नका. आधी आपण कुठे आहोत ते बघायचं.

ब्लडप्रेशर घरी मोजायचं तर दंडाला लावायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाला नीट बसला पाहिजे; जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच वर दिसतो. चहा, कॉफी, तंबाखू झाल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय नको. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, आणि ही अट आमच्या घरात सर्वांत अवघड गेली. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या यंत्रावर ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ची धरतात, कारण तिथे माणूस थोडा घाबरलेला असतो.

कंबर मोजायची ती पँटच्या मापाने नव्हे. टेप बेंबीच्या आसपास, श्वास सहज सोडून. आपल्याकडच्या शरीरयष्टीला पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. वजन ठीक आणि पोट पुढे, अशी माणसं आपल्यात खूप. त्यांना काट्यावर काही कळत नाही, टेपवर कळतं.

रक्ताच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) एवढं पुरे. जास्तीची पॅकेजं डॉक्टरांनी सांगितली तरच.

आणि तीन दिवस जे तोंडात जातं ते लिहा. स्टाफरूममधला समोसा, गाड्यावरची मिरची भजी, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, सगळं. माझ्या यादीत तीन दिवसांत अकरा कप गोड चहा निघाले. मला विचारलं असतं तर मी पाच म्हटले असते.

मीठ, आणि पुरुमेंताचे (पावसाळी साठवणीचे) डबे

इथे थोडं थांबते, कारण गोव्यातल्या स्वयंपाकघरात खरी गोम इथे आहे.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. दिवसभराचं, सगळ्या पदार्थांतलं मिळून. लोक हे ऐकून आमटीतलं मीठ कमी करतात, घरातले कुरकुरतात आणि आठ दिवसांत गाडी पूर्वपदावर येते. पण आमच्या घरात मोजून पाहिलं तर हुमणातलं मीठ हा लहान भाग निघाला. मोठा भाग ताटाच्या कडेला बसलेला होता : खारा बांगडा, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, लोणचं, पापड. त्यात पाव आणि फरसाण धरा. शनिवार-रविवारचं चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) धरलं तर बघायलाच नको. ते मीठ आणि चरबी दोन्ही बाजूंनी येतं.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. म्हणून मे महिन्यात पुरुमेंत भरायचं ही आपली रीत. सुके बांगडे, सुंगटं, सोलं (आमसुलं), मिरच्या, कांद्याच्या माळी. पूर्वी दुसरा इलाजच नव्हता. आता जुलैतही बाजारात भाजी मिळते, कडधान्य मिळतं, तरी आम्ही डबे तेवढेच भरतो आणि भरलेत म्हणून संपवतो. पाऊस पडत असताना पेज आणि भाजलेलं खारं याच्यासारखं दुसरं काही नाही हे मलाही मान्य आहे. मी ते सोडलेलं नाही. फक्त पुढच्या गोष्टी करते.

डबे निम्मे भरते. हीच एक गोष्ट करायची असेल तर ही करा, कारण घरात असलेलं खारं खाल्लं जातंच.

खारं शिजवण्याआधी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवते, पाणी ओतून टाकते, पुन्हा ठेवते. सगळं मीठ निघत नाही, पण बरंच निघतं. खारं किंवा सुकी सुंगटं पडलेल्या कालवणात वरून मीठ अजिबात घालत नाही. आठवड्यातून एकदाच, आणि त्या दिवशी ताटात लोणचं-पापड नाही.

बाकीच्या पावसाळी दिवसांना अळसांद्यांचं तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याचं कालवण), मूगागाठी, तायकिळ्याची भाजी, अळू, आणि मिळाली तर अळमी (रानातली अळंबी). अळम्यांचे भाव ऐकून ब्लडप्रेशर वाढतं ते वेगळं.

मीठ कमी झालं की चव पोकळ लागते. ती पोकळी आंबटाने भरते. सोलं, बिंबलं, आंबाडे, चिंच, आणि बांगड्याला तिरफळ. आंबट नीट जमलं तर कमी मीठ पटकन जिभेला कळत नाही. तीन-चार आठवड्यांत जीभ सरावते, मग बाहेरचं जेवण खारट लागायला लागतं.

मिठागरातलं जाडं मीठ किंवा सैंधव घेतलं म्हणजे चालतं, असं बऱ्याच जणी सांगतात. सोडियम त्यातही जवळपास तेवढंच असतं, आणि आयोडीन बहुधा नसतं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा ब्लडप्रेशरच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

शीत, नारळ आणि मासा

शीत डावाने मोजा. आमच्याकडे दुपारी तीन डाव वाढायचे, आता दीड. रिकामी झालेली जागा भाजीने आणि उसळीने भरायची, नुसती रिकामी ठेवली तर चार वाजता गाड्यावर पाय वळतात. मी आधी भाजी खाते, मग शीत घेते. हा क्रम साधा दिसतो, पण दुसऱ्यांदा शीत मागायची इच्छा त्यानेच कमी झाली. उकडे तांदूळ बदलायची गरज नाही, पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा ते बरेच. रात्री शिताऐवजी पोई (कोंड्याचा गोवेकरी पाव) किंवा नाचणीची भाकरी. मात्र पोई बघून घ्या. खऱ्या पोईच्या पिठात कोंडा असतो. हल्ली मैद्याच्या पावावर वरून कोंडा भुरभुरलेला असतो. मोडून आत बघितलं की कळतं. पोदेराला (पाववाल्याला) विचारलं तर तो खरं सांगतो, निदान आमचा सांगतो.

नारळाबद्दल लोक भांडायलाच उठतात, म्हणून आकडेच देते. १०० ग्रॅम ओल्या नारळात साधारण ३३ ग्रॅम चरबी, त्यातली ३० च्या आसपास संपृक्त, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने संपृक्त चरबी २२ ग्रॅमच्या आत ठेवावी असा हिशेब आहे. म्हणजे दोन वेळच्या कालवणांत माणशी १०० ग्रॅम नारळ गेला की दिवसाचा कोटा ओलांडलाच, तेल-तूप-दूध अजून धरलंच नाही. खोबरेल तेलात तर जवळपास ९० टक्के चरबी संपृक्त. आपले पूर्वज नारळ खाऊन धडधाकट होते हे खरं, पण ते नारळाच्या झाडावर चढतही होते.

म्हणून नारळ बंद नाही, निम्मा. हुमणाच्या वाटणात नारळ कमी करून कांदा आणि धणे वाढवले, रस पुरेसा दाट होतो. दुपारी नारळाचं कालवण असेल तर रात्री बिननारळाचं. सोलकढी रविवारी, इतर दिवशी फुटी कढी, म्हणजे सोलांचं पाणी, लसूण, मिरची, नारळाचा रस नाही. शाकुती (भाजलेल्या नारळाच्या वाटणाचं कालवण) सणाला. तेल मोजायची सोपी युक्ती : महिन्याच्या पहिल्या तारखेला चौघांसाठी दोन लिटर बाजूला काढून ठेवायचं आणि त्यातच भागवायचं. पहिल्या महिन्यात आमचं १९ तारखेलाच संपलं. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं नाही, आणि गाड्यावरच्या कढईत नेमकं तेच चाललेलं असतं.

माशांची बातमी मात्र चांगली आहे. हृदयाला उपयोगी असलेलं ओमेगा-३ तेलकट माशांत जास्त, आणि आपल्याकडचे तेलकट मासे म्हणजे तारले आणि बांगडे, बाजारातले सगळ्यांत स्वस्त. पाहुणे आले की इसवण (सुरमई) आणि घरच्यांना तारले, असा जो मान आपण लावतो तो हृदयाच्या हिशेबात उलटा आहे. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारले खा. हुमण, उडदमेथी, केळीच्या पानात भाजून, कसेही. रवा लावून तेलात बुडवले की गणित बिघडतं. तव्यावर चमचाभर तेलात परतलेले चालतात. सुंगटांत कोलेस्टेरॉल असतं म्हणून घाबरणारे पुष्कळ आहेत. साध्या कालवणातल्या सुंगटांपेक्षा ती ज्या लोण्यात किंवा तेलात परततात त्याचीच काळजी जास्त करायला हवी. सोमवार-गुरुवार शिवराक (मासे-मटणाशिवायचं जेवण) पाळत असाल तर ते दिवस मूग, चवळी, वाल, चणे यांचे. शिवराक म्हणजे बटाटाभाजी आणि पुऱ्या, असं माझ्या सासरी होतं.

फळं-भाज्या मिळून दिवसाला ४०० ग्रॅम. आंबाड्याचं लोणचं यात मोजत नाहीत.

बाहेर फिश थाळी खायची वेळ आली तर शीत अर्धंच वाढायला सांगा, भाजी दुसऱ्यांदा मागा. सकाळी हॉटेलात भाजी-पाव घ्यायचा तर बटाट्याच्या भाजीऐवजी अळसांद्यांची किंवा चण्याची पातळ भाजी, आणि मिरची भजी शेजारच्या टेबलावर बघून समाधान मानायचं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नेवऱ्या (करंज्या) खा. पाच दिवस खाल्ल्याने हृदय बिघडत नाही; नेवऱ्यांचा डबा दसऱ्यापर्यंत चालला तर बिघडतं.

फेणीचं विचारतातच. थोडी घेतली तर हृदयाला चांगली, हे मीही लहानपणापासून ऐकत आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं सुरक्षित असं प्रमाण नाही. पीत नसाल तर औषध म्हणून सुरू करू नका, पीत असाल तर कमी करा. विडी-सिगरेटला मात्र 'कमी' हा पर्याय नाही. सोडल्यावर वर्षभरात हृदयरोगाचा जादा धोका जवळपास निम्मा होतो. या लेखातल्या दुसऱ्या कुठल्याही उपायाने एवढं मिळत नाही.

चालायला लागा

छातीत दुखणं, चढावर दम लागणं, चक्कर येणं यातलं काही होत असेल, आधी हृदयाचा त्रास झालेला असेल किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांची परवानगी. बाकीच्यांनी उद्यापासून.

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. पण सुरुवात अर्ध्या तासाने करू नका. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतात. वेग किती? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका. मैत्रिणीशी गप्पा मारत रमतगमत चाललं तर ती गप्पांचीच वेळ धरायची. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश.

पणजीकरांना कांपाल-मिरामारचा सपाट किनारा आहे, त्यांचा मला हेवा वाटतो. वाळूत चालायचं तर ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवर, आणि जाताना-येताना त्याच पट्ट्यावरून, कारण किनारा तिरका असतो आणि एकाच बाजूने चाललं की गुडघा बोलतो. आम्हा फोंड्याकडच्यांना फर्मागुडीचा चढ. चढाला पहिले दोन महिने हात लावू नका, सपाट रस्ता शोधा.

खेड्यातल्या रस्त्यांना पदपथ नसतो. उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला, अंगावर फिकट कपडे, पहाटे हातात बॅटरी. कुत्र्यांसाठी काठी, उगारायची नाही, नुसती दिसू द्यायची. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत घरी परत या, घामाने जीव जातो. लघवी वाढवणारी ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात चक्कर येण्याकडे लक्ष ठेवा आणि तसं डॉक्टरांना सांगा.

पावसाळ्यात सगळ्यांचं चालणं बुडतं. जूनला सोडलं की चवथीनंतर बघू, मग दिवाळी. मी देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारते. पुजारी आधी हसायचे, आता तेही येतात. व्हरांडा असेल तर व्हरांडा, जिना असेल तर जिना.

आठवड्यातून दोनदा स्नायूंनाही काम द्या. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात टेकून दंड दहा वेळा, ओट्याला धरून टाचा उचलणं पंधरा वेळा. श्वास कोंडून धरायचा नाही. भात शिजेपर्यंत सगळं होतं. आणि पाचशे मीटरच्या आतल्या कामाला स्कूटर काढायची नाही असं ठरवून टाका. दुधाची पिशवी, पोदेर, देऊळ. नियम केल्याशिवाय हे होत नाही, किल्ली आपोआप हातात येते.

गोळ्या

आकडे उतरले की गोळी स्वतःहून बंद करायची नाही. ते गोळीमुळेच उतरलेले असतात. माझी चालू आहे, पण डॉक्टरांनीच तिचा डोस निम्मा केला. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी तांबडी भाजी, तायकिळो अशा पालेभाज्या एकदम वाढवू नयेत; रोज साधारण तेवढ्याच ठेवाव्या आणि बदल करायचा तर आधी सांगावं.

'गॅस झालाय' म्हणून बसू नका

छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखं, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, श्वास अपुरा पडणं. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखता नुसती मळमळ, विलक्षण थकवा किंवा दम लागणं एवढंच होऊ शकतं. अशा वेळी सोडा पिऊन, सोलांचं पाणी पिऊन वाट बघत बसतात. वाट बघू नका, १०८ ला फोन करा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, स्वतः गाडी चालवत तर मुळीच जाऊ नका. गोव्यात सरकारी इस्पितळांतून ईसीजी काढून बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या) हृदयतज्ज्ञांना पाठवायची 'स्टेमी' योजना आहे. गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या ठिकाणीच देता येतं. म्हणून लांबच्या ओळखीच्या डॉक्टरकडे जाण्यात वेळ घालवण्यापेक्षा लवकर ईसीजी निघणं महत्त्वाचं. घरातल्या मुलांनाही १०८ आणि घराचा नीट पत्ता सांगता आला पाहिजे. आमच्या वाड्यावर घरांना नंबर आहेत पण कुणाला ठाऊक नाहीत. मी 'पिंपळाकडून उजवीकडे तिसरं घर' असं लिहून फ्रिजवर लावलंय.

सगळं सुरू केल्यावर तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा, त्याआधी नको, आकडे हलायला वेळ लागतो. तारीख आजच कॅलेंडरवर लिहून टाका, आणि ती चवथीच्या किंवा गावच्या जत्रेच्या पुढच्या आठवड्यात येत नाही ना, एवढं बघून घ्या.